बिनतिकिटाच्या देशात टीसी

माझे वडील रेल्वेत टीसी होते. एकतीस वर्षं त्यांनी दौंड ते सोलापूर आणि दौंड ते मनमाड या पट्ट्यात लोकांना गाडीतून खाली उतरवलं. संडासात लपलेल्यांना दार वाजवून बाहेर काढलं, आणि एकदा तर अख्खं वऱ्हाड नवरदेवासकट कुर्डुवाडीच्या फलाटावर उभं केलं. इतरांच्या घरी जेवताना नातेवाइकांची उणीदुणी निघत, आमच्या क्वार्टरमध्ये बिनतिकीटवाल्यांची निघत. "ओळखायचा कसा? सोपं आहे," नाना भाकरी मोडत सांगायचे, "आपण डब्यात शिरलो की तिकीटवाला आपल्याकडे बघतो आणि बिनतिकीटवाला खाली बघतो."

तर अशा माणसाला मी लक्झेंबर्गला घेऊन गेले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, फ्रान्स, जर्मनी आणि बेल्जियम यांच्या बेचक्यात हा एवढासा देश आहे आणि तिथे रेल्वे, बस, ट्राम सगळं फुकट आहे. सवलतीत नाही, चक्क फुकट. या, बसा, उतरा. ही बातमी आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मामेभावाने टाकली तेव्हा नानांनी खाली दोनच शब्द लिहिले होते, "थाप आहे." मग वर्षभर तोच वाद. शेवटी मी म्हटलं, "नाना, चला, दाखवतेच तुम्हाला." मला काय माहीत होतं की शेवटी दाखवणारे नाना असणार आणि बघणारी मी.

मी स्वतः अकरा वर्षं जपानात आहे. ग्योतोकुला राहते, रोज तोझाई लाइनने टोकियोपर्यंत आणि तिथून गाडी बदलून कावासाकीच्या ऑफिसात. सॉफ्टवेअर तपासते. म्हणजे धंदा वडिलांचाच म्हणा, फक्त माझे बिनतिकीटवाले कोडमध्ये लपतात. नाना या प्रवासाच्या आदल्या वर्षी आमच्याकडे येऊन गेले होते. तोझाई लाइनच्या डब्यात शिरल्या शिरल्या त्यांनी माझा दंड धरला आणि कानात म्हणाले, "स्मिते, अख्खा डबा बिनतिकीट आहे गं!" सगळे खाली मान घालून मोबाइल बघत होते.

आता तिसरी प्रवासी. माझी मुलगी इरा, वय दहा, यत्ता चौथी. मराठी सगळं समजतं, उत्तर जपानीत. नाना तिच्याशी मराठीत बोलतात, ती जपानीत बोलते, नाना काय बोलली असेल त्याचा अंदाज बांधून पुढचं बोलतात. दोघांचं बरं चालतं, मध्ये मी पडले की बिघडतं.

इराला स्टेशनांचे शिक्के जमवायचा नाद आहे. जपानात बहुतेक मोठ्या स्टेशनांवर एका छोट्या टेबलावर रबरी शिक्का आणि शाईचं पॅड ठेवलेलं असतं. त्यावर गावाचा किल्ला, मासा, डोंगर काय असेल ते कोरलेलं. आपली वही काढायची, ठप्प करून शिक्का मारायचा, पुढे जायचं. पोरंच काय, टाय लावलेले आजोबाही रांगेत असतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळा मुलांना आपापल्या आवडीचं संशोधन करायला लावते आणि सप्टेंबरात वर्गापुढे मांडायला लावते. मांडून झालं की बाकीच्यांनी हात वर करून प्रश्न विचारायचे, ही तिथली पद्धत.

आदल्या वर्षी इराने मसाले मांडले होते. बारा बाटल्या, बारा चिठ्ठ्या, सगळं तिच्या हाताने लिहिलेलं. बोलून झालं आणि एकही हात वर झाला नाही. शेवटी सेन्सेईंनी, म्हणजे तिच्या बाईंनी, कीव येऊन स्वतःच एक प्रश्न विचारला. पोरगी घरी आली आणि गुपचूप एकेक बाटली मिसळणाच्या डब्यात रिकामी करत बसली. रडली नाही, त्याचंच मला जास्त वाईट वाटलं. त्यामुळे यंदा तिने सुट्टीआधीच वर्गात जाहीर करून टाकलं होतं की मी एका अख्ख्या देशाचे स्टेशनचे शिक्के आणणार. नकाशावरून सहा स्टेशनं निवडली, वहीत सहा पानं पट्टीने आखली, वर नावं लिहिली.

तिथे असे शिक्के असतात का, हे बघायचं मात्र आम्हा दोघींना सुचलंही नाही. अकरा वर्षं जपानात काढल्यावर माणसाला वाटतं की स्टेशन म्हटलं की शिक्का असणारच, जसा फलाट असतो तसा.

पॅरिसहून लक्झेंबर्ग

आम्ही दोघी टोकियोहून, नाना मुंबईहून, गाठ पॅरिसच्या विमानतळावर. नवरा अभिजित घरीच, त्याचं ऑफिसात काहीतरी रिलीज होतं. त्याचं नेहमीच काहीतरी रिलीज असतं. नाना कोट घालून आले होते, ऑगस्टात. कोटाच्या एका खिशात शेंगदाण्याची चटणी आणि दुसऱ्यात प्लॅस्टिकच्या पाकिटात पॅरिस–लक्झेंबर्गचं छापील तिकीट, मी ईमेल केलेलं. "मोबाइलमधलं तिकीट हे तिकीट नव्हे," असं त्यांचं मत.

गाडी वेगवान आणि शांत. नानांनी धपाटे सोडले. इराने आधी आजूबाजूला बघून घेतलं, कारण तिच्या मते गाडीत खाताना वास येता कामा नये. तेवढ्यात पलीकडच्या सीटवरचा माणूस फोनवर मोठमोठ्याने भांडायला लागला. इराचे डोळे विस्फारले. जपानात गाडीत फोनवर बोलणं म्हणजे जवळजवळ गुन्हाच. नाना मात्र खूश. "बरं वाटलं गं. तुझ्या जपानात मला गाडीत बसलं की कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखं वाटायचं."

तिकीट तपासायला माणूस आला तेव्हा नाना अर्धे उठून उभे राहिले. त्याने त्यांचा कागद मशीनने वाचला, मान डोलावली. नानांनीही मान डोलावली. मग फ्रान्स कधी संपला ते कळलंच नाही. मोबाइलने टुणकन आवाज करून सांगितलं की आता तुम्ही दुसऱ्या देशात आहात.

लक्झेंबर्गच्या स्टेशनावर उतरताच इरा वही काढून पळत सुटली. मी सामान सांभाळत मागे. सगळा हॉल पालथा घातला, टेबल नाही, पॅड नाही. चौकशीच्या खिडकीतला तरुण भला होता. मी त्याला खाणाखुणा करून शिक्का म्हणजे काय ते सांगितलं. तो हसून म्हणाला, "आमच्याकडे ॲप आहे."

इराने कमरेत वाकून त्याला थँक यू म्हटलं आणि बाकावर जाऊन बसली. वही मांडीवर, बंद.

त्याच वेळी शेजारच्या खिडकीवर नानांचं चाललं होतं. "थ्री टिकेट्स. टू हॉटेल." "सर, ट्रामला तिकीट लागत नाही." "ओके, थ्री टिकेट्स." असं तीनदा झालं. मग नाना माझ्याकडे वळले. त्यांचा चेहरा असा की कुणी त्यांच्या देखत साखळी ओढली असावी. "मी बिनतिकीट बसणार नाही, स्मिते. आजवर कधी बसलो नाही."

"अहो नाना, तिकीटच नाहीये तर बिनतिकीट कसं म्हणायचं?"

"ते मला सांगू नकोस. प्रत्येक जण हेच सांगतो."

शेवटी त्या बिचाऱ्यानेच तोडगा काढला. गाड्यांना पहिला वर्ग आहे, तेवढ्याला तिकीट लागतं. नानांनी लगेच मशीनमधून पहिल्या वर्गाचं दिवसभराचं तिकीट काढलं, खिशात ठेवलं, छाती पुढे काढली आणि तरातरा फुकटच्या ट्राममध्ये चढले. पुढचे सगळे दिवस हेच. रोज सकाळी पहिल्या वर्गाचं तिकीट काढायचं आणि दिवसभर दुसऱ्या वर्गात बसायचं. मी म्हटलं, "मग बसा की पहिल्या वर्गात, गाद्या चांगल्या आहेत."

"पहिल्या वर्गात मी बसलेलो नाही, फक्त तपासलाय," ते म्हणाले. "हे तिकीट बसण्यासाठी नाही, खिशात असावं म्हणून काढलंय."

हॉटेलात मी चावी घेत होते. नानांनी एकदम काउंटरच्या पलीकडे मान घातली. "इरा, इकडे ये. वही आण." रिसेप्शनच्या बाईच्या कोपराशी एक लाकडी मुठीचा शिक्का पडला होता, हॉटेलचं नाव, गावाचं नाव, फिरवायची तारीख. "जिथे टेबल असतं ना, तिथे शिक्का असतोच," नाना म्हणाले. "सरकारी असो, खाजगी असो. माणसाला टेबलामागे बसवलं की तो आधी शिक्का मागतो."

बाईने हसत हसत लक्झेंबर्गच्या पानावर शिक्का मारला. पण इराला शंका. हॉटेल म्हणजे स्टेशन नव्हे. हे चालेल का? मी भाषांतर केलं. नानांनी तिचं म्हणणं फार गंभीरपणे घेतलं. मग रेल्वेच्या नियमपुस्तकातल्यासारखे नियम सांगितले. एक, शिक्क्यावर गावाचं नाव हवं. दोन, त्या दिवसाची तारीख हवी, शिक्क्यात नसली तर मारणाऱ्याने हाताने घालावी. तीन, मारणाऱ्या माणसाला तो मारायचा अधिकार हवा. इराने तिन्ही नियम पहिल्या पानावर जपानीत लिहून काढले आणि खाली नानांची सही घेतली.

मी थट्टेने म्हटलं, "त्यापेक्षा खोडरबर कोरून आपणच सहा शिक्के बनवू की, मला येतात."

"दामे!" इरा ओरडली. म्हणजे चालणार नाही.

"काय म्हणाली?" नानांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांना तो शब्द फार आवडला. तेव्हापासून दोघं मिळून मला उठता-बसता दामे म्हणायला लागले.

एश आणि व्हासरबिलिग

देश किती लहान ते सांगते. दौंडहून पुणं गाठायचं आणि थोडं पुढे जायचं, संपला देश. त्यामुळे सकाळी दक्षिणेचं टोक आणि दुपारी पूर्वेचं, असं आरामात जमतं. एश हे जुन्या लोखंडाच्या खाणींचं, कारखान्यांचं गाव. तिथे आम्ही औषधाच्या दुकानात गेलो. दुकानदारीणबाईंना वाटलं म्हाताऱ्याला काहीतरी होतंय, त्यांनी आधी खुर्ची दिली. मग हेतू कळल्यावर शिक्का मारला, तारीख घातली आणि वर इराला खोकल्याच्या गोळ्या दिल्या.

व्हासरबिलिग मोझेल नदीवर आहे. पलीकडच्या काठावर जर्मनी. नदीकडेला द्राक्षांचे मळे ओळीत, आणि रस्त्याकडेला पेट्रोलपंप ओळीत, कारण जर्मनीतले लोक स्वस्त पेट्रोल भरायला इकडे येतात. शिक्का अर्थातच पेट्रोलपंपावर मिळाला. त्याला थोडा तेलाचा वास आहे, इराने त्याचीही नोंद केली.

पण तिकडे जातानाच्या गाडीत एक गोष्ट घडली. तिकीट तपासणारी बाई डब्यात आली. पन्नाशीची, दणकट, कानात मोठ्या रिंगा. नानांनी कोटातून तिकीट काढून दोन बोटांत उंच धरलं. बाईने "मोयेन!" म्हणून तिथला नमस्कार केला आणि हसून पुढे गेली. दुसऱ्या वर्गात कशाला तिकीट बघेल ती? नाना हात तसाच धरून बसले. मग तिकीट परत कोटात ठेवलं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "इथे कुणीच खाली बघत नाही. आणि वरही बघत नाही. ती आली काय नि गेली काय." थोड्या वेळाने म्हणाले, "म्हणजे मी एकतीस वर्षं नसतो तरी गाड्या चालल्या असत्या."

लहानपणी शाळेत पोरं मला टीसीची कार्टी म्हणायची तेव्हा मला त्यांचा राग यायचा, नानांचाही यायचा. पण नाना नसते तरी चाललं असतं, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं. मी म्हटलं, "नाना, धपाटं देऊ?" ते नको म्हणाले. तेव्हा मला कळलं की प्रकरण खोल आहे.

डीकिर्च, क्लेर्वो आणि माझी चूक

शनिवारी डीकिर्चच्या पोस्टात टपालाचा खराखुरा शिक्का मिळाला. गोल, गावाचं नाव, तारीख, सरकारी अधिकार. तिन्ही नियम जणू त्याच्यावरूनच केलेत. नानांनी पोस्टातल्या माणसाशी हस्तांदोलन केलं. बाजारात किसलेल्या बटाट्याची तळलेली गरमागरम थालीपीठं मिळाली, बरोबर सफरचंदाचा गोड लगदा. नानांनी लगदा बाजूला सारून खिशातली चटणी काढली. गाडीवाल्याने चव बघायला मागितली, बघितली आणि बराच वेळ पाणी प्यायला.

क्लेर्वो दरीत आहे. मधोमध पांढरा किल्ला, वर जंगलात मठ. शिक्का मठाच्या दुकानात मिळेल असं कळलं म्हणून चढलो. चढ चांगलाच आहे. नाना दर वळणावर थांबून "देखावा बघतोय" म्हणत होते. मठातल्या साधूबाबांनी न बोलता शिक्का मारला, न बोलता तारीख घातली. इराने न बोलता वाकून नमस्कार केला. जपानी मुलीला असा माणूस भेटला की तिला किती बरं वाटतं ते मी तिच्या तोंडावर पाहिलं.

पाच पानं झाली. उरलं एक, उत्तरेचं शेवटचं स्टेशन त्र्वाव्हिएर्ज, पुढे बेल्जियम. गाडीने क्लेर्वोहून अगदी जवळ. इरा म्हणाली, आत्ता जाऊ. पण नानांचे पाय भरून आले होते आणि खरं सांगायचं तर माझेही. मी म्हटलं, "उद्या जाऊ. रविवार आहे, सगळं निवांत उघडं असेल."

हे वाक्य फक्त जपानात राहणारं माणूसच बोलू शकतं. तिकडे रविवारी दुकानं दुप्पट जोरात असतात, आणि स्टेशनासमोर चोवीस तास उघडं कोंबिनी असतंच. पेन, मोजे, भाताचा गोळा, झेरॉक्स, सगळं एका दुकानात. स्टेशन आहे आणि समोर कोंबिनी नाही, हे माझ्या डोक्यात शिरतच नव्हतं.

त्र्वाव्हिएर्ज

उतरलो. फलाटावर एक सायकल, एक मांजर. तिकीटखिडकी नाही. गावात पोस्ट बंद, औषधाचं दुकान बंद, बेकरी सकाळीच उघडून बंद झालेली. चर्च उघडं होतं, सुंदर होतं, पण आत कुणी नाही. एक कॅफे सापडलं. तिथल्या म्हाताऱ्याने मनापासून शोधाशोध केली आणि बिअरच्या ग्लासाखाली ठेवायची पुठ्ठ्याची चकती दिली. नाव गावाचं नाही, तारीख नाही, अधिकार नाही. इराने ती दोन्ही हातांनी घेतली, थँक यू म्हटलं आणि वहीत ठेवली नाही.

तासाभराने आम्ही परत फलाटावर. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची पॅरिसची गाडी होती, म्हणजे दुसरी संधी नाही. मी पुन्हा मूर्खासारखं खोडरबरचं काढलं. या वेळी कुणी दामे ओरडलं नाही. इरा हळू आवाजात जपानीत बोलली आणि मग एकदम रडायला लागली. आदल्या वर्षीचं सगळं रडणं साठवून ठेवल्यासारखी.

"काय म्हणाली ती?" नानांनी विचारलं.

"म्हणाली की मी सांगितलं होतं अख्ख्या देशाचे आणीन. आता परत कुणी हात वर करणार नाही." मग मी त्यांना मसाल्यांची गोष्ट सांगितली. ती मी त्यांना कधी सांगितली नव्हती. लाज वाटली होती, कुणाची ते कळत नाही.

नाना पुढे झाले. त्यांनी इराच्या हातातून वही घेतली, कोरं पान बघितलं, आपलेच तीन नियम पुन्हा वाचल्यासारखे बघितले, जपानीतले, म्हणजे काय वाचणार. "गाडी सुटली नाहीये अजून," एवढंच म्हणाले आणि गाडीच्या ड्रायव्हरला काहीतरी विचारायला गेले.

गाडी इथूनच सुटणार होती, दारं उघडी होती. मी रडणारी पोर आणि तिची बॅग ओढत समोर दिसलेल्या दारातून आत शिरले आणि पहिल्या मऊ खुर्चीत तिला बसवलं. मनात आलंही, की आज खुर्च्या काय छान आहेत. डबाभर आम्ही दोघीच.

"मोयेन."

वर बघितलं. कानात मोठ्या रिंगा. तीच बाई. देशच एवढासा, दुसरी कोण येणार? तिने प्रेमाने माझ्या डोक्यामागच्या काचेकडे बोट केलं. काचेवर हातभर मोठा पिवळा एकचा आकडा होता, म्हणजे पहिला वर्ग.

मी दौंडच्या टीसीची मुलगी. फुकट रेल्वेच्या देशात विनातिकीट पकडले गेले.

मी खाली बघितलं. देवाशपथ, आपोआप मान खाली गेली.

"काही हरकत नाही," बाई इंग्रजीत म्हणाली, "पाहुणे लोक चुकतात. पलीकडे जाऊन बसा."

"नो!" दारातून आवाज आला. नाना. कोट, घाम, हातात पहिल्या वर्गाचं तिकीट. "मॅडम, नो. चार्ज हर."

"नाना!" मी ओरडले.

"सर, ती पर्यटक आहे."

"शी इज माय डॉटर. शी नोज द रूल्स." मग माझ्याकडे वळून मराठीत, "गप्प बस जरा." आणि परत बाईकडे. त्यांनी छातीवर हात ठेवून सांगितलं की मी रेल्वेचा माणूस आहे, एकतीस वर्षं हेच काम केलं. बाई एकदम सरळ उभी राहिली. नानांनी विचारलं, "पावती देता?"

"मशीनमधून निघते. पण जुनं पुस्तकही आहे, मशीन बंद पडलं तर."

"पुस्तकातली. त्यावर स्टेशनचं नाव लिहिता?"

"हो. गाडी जिथे उभी आहे तिथलं."

इराने रडणं थांबवलं. एक बोट उघडलं.

"तारीख?"

"अर्थातच." दुसरं बोट.

"शिक्का? आणि तो मारायचा अधिकार?"

बाई हसली. कमरेच्या पिशवीतून एक छोटासा शिक्का काढून तिने हातावर ठेवला. "सर, या गाडीत अधिकार फक्त मलाच आहे. फार दिवसांत कुणी विचारलं नव्हतं."

तीन बोटं. इरा माझ्याकडे वळली. सगळ्या प्रवासात ती माझ्याशी किंवा नानांशी एक अख्खं वाक्य मराठीत बोलली नव्हती. आता बोलली, आणि स्वच्छ.

"आई, दंड भर ना."

भरला. काय करणार? बाई लिहीत होती तेव्हा नाना तिच्या खांद्यावरून बघत होते. "सही राहिली," ते म्हणाले. बाईने सही केली. ठप्प. इराने पावती दोन्ही हातांनी घेतली, वाकली, आणि सहाव्या पानावर चिकटवली.

मग बाई नानांकडे वळली आणि हात पुढे केला. "युअर टिकेट, सर?"

नानांनी तिकीट दिलं. तिने ते पुढून वाचलं, मागून वाचलं, उजेडात धरलं, कोपऱ्यावर पेनाने बारीकशी खूण केली आणि दोन्ही हातांनी परत दिलं. ते तिकीट नानांनी पाकिटात ठेवलं आणि मग रुमाल काढून, घाम पुसतोय असं दाखवत, डोळे पुसले. नंतर आम्ही सगळे दुसऱ्या वर्गात जाऊन बसलो, नानांसकट.

ग्योतोकु

सप्टेंबरात शाळेत पालकांनी वर्गात मागे उभं राहून तास बघायचा दिवस असतो. इराची पाळी नेमकी त्या दिवशी. मी ऑफिसातून अर्धी सुट्टी काढून मागच्या रांगेत, नीटनेटक्या जपानी आयांच्या मध्ये. सेन्सेईंनी वही मोठ्या पडद्यावर दाखवली होती. हॉटेल, औषधाचं दुकान, पेट्रोलपंप, पोस्ट, मठ. प्रत्येक पानाला इरा तीन नियम लावून दाखवत होती. वर्ग शांत होता. मला मसाले आठवले.

मग सहावं पान.

"हा स्टेशनचा शिक्का नाही," इरा स्पष्ट आवाजात म्हणाली. "ही माझ्या आईला झालेल्या दंडाची पावती आहे. माझ्या आजोबांनी करायला लावला."

मग पुढच्या बाकावरच्या मुलाचा हात अर्धा वर आला. मग त्याच्या मागचा. मग एकदम सगळे, काही तर दोन्ही. पोलिस आले का? आई रडली का? आजोबा दुष्ट आहेत का? इरा म्हणाली, "नाही, माझे आजोबा टीसी आहेत," आणि टीसी म्हणजे काय ते सांगायला तिला तासाचा उरलेला सगळा वेळ लागला. कुर्डुवाडीचं वऱ्हाडही आलं त्यात. ते तिला कधी ऐकून माहीत होतं, देव जाणे. पुढे मुलं एकेक करून मान वळवून मागे माझ्याकडे बघत होती आणि त्यांच्या आया अत्यंत सभ्यपणे बघत नव्हत्या.

संध्याकाळी दौंडला फोन लावला. नाना पडद्यापाशी इतके जवळ बसले होते की नुसतं कपाळ दिसत होतं. इराने माझ्या हातातून फोन ओढून घेतला.

"किती हात?" नानांनी विचारलं.

"सगळे, आजोबा," इरा मराठीत म्हणाली. "सेन्सेईंचा पण."

"आणि आई काय करत होती?"

इराने माझ्याकडे एकदा बघून घेतलं.

"आई खाली बघत होती."

"बघणारच," नाना समाधानाने म्हणाले. "ते खालीच बघतात."